फुले उभी करणारी जुनी साधने : वाचनालयाच्या पेटीच्या प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

आमच्या वसाहतीच्या वाचनालयातून पुस्तकांप्रमाणेच घरगुती उपयोगाची काही साधनेही सभासदांना आठवड्याभरासाठी नेता यावीत, असे कार्यकारिणीने ठरवले असून त्यांपैकी पुष्परचनेच्या साधनांची पेटी तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. पेटीत काय असावे आणि काय नसावे, हे आज लिहून ठेवत आहे. पेटीत फक्त जुन्या पद्धतीची, वर्षानुवर्षे वापरता येणारी साधने असतील: फुलांचे देठ धरून ठेवणारी, देठ कापणारी आणि फुले बांधणारी. फुलवाले ज्याला ओअ‍ॅसिस म्हणतात, तो पाणी शोषणारा हिरवा फोम पेटीत ठेवला जाणार नाही.

फोम वगळण्यामागे विचार आहे. १९५४ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात व्हर्नन स्मिथर्स यांनी हा फोम फुलांसाठी आणला आणि त्याने पुष्परचनेचे काम फार सोपे केले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु तो फिनॉल-फॉर्माल्डिहाइड या प्लास्टिकचा असतो, एकदोन वापरांतच चुरतो, आणि त्याचे बारीक कण मोरीतून थेट गटारात व पुढे नदीत जातात. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांमध्ये त्याचा वापर बंद केला, तो याच कारणाने. घरातल्या वापरासाठी मला मात्र आणखी दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या वाटतात. फोममध्ये खोचलेल्या फुलांचे पाणी बदलता येत नाही. आणि तो ओबडधोबड ठोकळा झाकण्यासाठीच इतकी पाने-फुले लागतात की रोजच्या घरखर्चात ते बसत नाही. जुनी साधने देठ पकडतात, पण पाणी मोकळे ठेवतात, त्यामुळे तीन फुलांचीही रचना नीट उभी राहते आणि दुसऱ्या दिवशी तिला स्वच्छ पाणी मिळते. पेटीतील प्रत्येक वस्तूची परीक्षा मी याच कसोटीवर घेणार आहे.

१७ नोव्हेंबर, रविवार

सभासदांच्या माळ्यांवरून उतरलेल्या आणि आज सकाळी पुण्याच्या मंगळवार पेठेतील जुन्या बाजारातून आणलेल्या वस्तूंची पहिली मोजदाद झाली. पितळी काट्यांचे तीन पिनहोल्डर, म्हणजे ज्यांच्या काट्यांवर देठ रोवतात अशा जड चकत्या, आहेत, त्यांपैकी दोन गोल व एक आयताकृती. जाड काचेचा, घुमटासारखा, वर भोके असलेला एक ठोकळा आहे. क्रिकेटच्या कुठल्याशा सामन्यात बक्षीस मिळालेला चांदीचा मुलामा दिलेला एक रोझ बोल (गुलाब ठेवण्याचा वाडगा) आहे, त्याचे जाळीदार झाकण मात्र हरवलेले आहे. याशिवाय दोन कात्र्या, एक घडीचा चाकू, लांब निमुळत्या तोटीची एक लहान झारी, आणि परडी, दाभण, फुले काढण्याची आकडी असे आपल्या घरांतले नेहमीचे सामान.

सर्वांत मोलाची भेट शेजारच्या मावशींकडून मिळाली. त्यांनी तरुणपणी मुंबईत पुष्परचनेचे रीतसर शिक्षण घेतले होते आणि तेव्हाची साधने त्यांनी आजवर फडक्यात गुंडाळून जपली आहेत. त्यांच्या पिनहोल्डरबरोबर बोटाएवढी एक पोकळ पितळी नळीही आहे, जिचा उपयोग बहुतेकांना ओळखता आला नाही. वाकलेल्या काट्यावर ती नळी बसवून हलकेच सरळ केले की काटा पुन्हा उभा राहतो, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या सुईने काट्यांमध्ये अडकलेला देठाचा चोथा काढता येतो. असे साधन ज्यांच्याकडे नसेल त्यांनी बॉलपेनाच्या संपलेल्या जुन्या पितळी रिफिलचा तुकडा वापरावा. काट्यांच्या जाडीप्रमाणे तो बहुधा नेमका बसतो.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

सफाईचा दिवस. या नोंदीतील एक सूचना पेटीच्या झाकणावर ठळक अक्षरांत लिहायची आहे, म्हणून ती येथे कारणासह देत आहे.

पिनहोल्डरचे काटे पितळेचे असले, तरी जुन्या पिनहोल्डरची बैठक बहुतेक वेळा शिशाची असते. शिसे पाण्याच्या सुमारे ११ पट जड असल्यामुळेच एवढीशी चकती हातभर लांबीची तिरकी फांदी तोलून धरू शकते. पितळ दिसले की चिंच, लिंबू किंवा पितळ उजळण्याची आंबट पूड घेऊन घासायला बसणे, ही आपल्या स्वयंपाकघराची सवय आहे. पण शिशाच्या बाबतीत ती घातक आहे. आम्लामुळे, विशेषतः व्हिनेगरमुळे, शिशाचे पाण्यात विरघळणारे क्षार तयार होतात, आणि ते हाताला, मोरीला व भांड्यांना लागतात. म्हणून पिनहोल्डर केवळ साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने घासावा, त्यासाठी वेगळा ब्रश ठेवावा, नंतर हात साबणाने धुवावेत, आणि ज्या वाडग्यात पिनहोल्डर ठेवला तो वाडगा पुन्हा जेवणासाठी वापरू नये. त्याच कारणाने फुले टिकवण्यासाठी पाण्यात लिंबाचा रस व साखर घालण्याची जी प्रचलित युक्ती आहे, ती काचेच्या फुलदाणीत चालेल, पिनहोल्डरच्या पाण्यात चालणार नाही.

धुऊन झाल्यावर पिनहोल्डर कोरड्या फडक्यावर पालथा ठेवून पूर्ण वाळवला. काट्यांच्या मुळाशी पाणी साचून राहिले की तेथे हिरवट थर बसतो आणि काटे सैल होऊ लागतात. तळाला रबरी कडे नसेल तर खाली रबराचा पातळ तुकडा ठेवावा, म्हणजे चिनी मातीच्या भांड्यावर ओरखडे उमटत नाहीत आणि चकती सरकतही नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज पिनहोल्डरची सविस्तर परीक्षा झाली. या साधनाचा इतिहास जपानचा आहे. १९ व्या शतकाच्या अखेरीस ओहारा उनशिन यांनी उथळ, रुंद भांड्यात फुले रचण्याची मोरीबाना ही पद्धत रूढ केली. तोवरच्या उभ्या, अरुंद तोंडाच्या पात्रांत पात्राच्या कडांचाच देठांना आधार मिळत असे. उथळ भांड्यात तसा आधार नसल्याने तळाशी देठ धरणाऱ्या साधनांची गरज निर्माण झाली, आणि त्यांतूनच काट्यांचा हा ठोकळा, म्हणजे केन्झान, सर्वत्र पोहोचला. पाश्चात्त्य देशांतून आलेली आखूड देठाची बागेतली फुलेही या पद्धतीत सहज सामावली. आपल्या बाजारातली शेवंती, अ‍ॅस्टर व लिली यांच्यासाठीही तीच सोय उपयोगी पडते.

मार्केट यार्डातून आणलेल्या फुलांवर आज जे पडताळले, ते असे. फुलांचे मऊ देठ सरळ आडवे कापावेत आणि काट्यांवर उभे दाबावेत. फांदी लाकडी असेल, तर मात्र तिचे टोक तिरके कापावे, ते काट्यांच्या मधल्या फटींत उभे रोवावे, आणि मग हव्या त्या दिशेला हळूहळू कलवावे. कलवताना कापलेली बाजू वर राहील आणि सालीची बाजू खाली येईल, असे पाहावे. जाड फांदीचे बूड आधी उभे चिरून घेतले की काटे आत शिरतात. सुरुवातीपासूनच फांदी तिरकी खुपसण्याचा प्रयत्न करणाऱ्यांचे काटे वाकतात, आणि मावशींनी सांगितल्याप्रमाणे बहुतेक पिनहोल्डर त्याच सवयीपायी निकामी होतात.

बारीक देठांचा प्रश्न वेगळा आहे. अ‍ॅस्टरचा किंवा जिप्सोफिलाचा देठ दोन काट्यांच्या मधून सरळ निसटतो. त्यावर दोन उपाय आहेत. चारपाच देठ एकत्र बांधून त्यांची जुडी काट्यांवर बसवावी. किंवा निशिगंधासारख्या जाड देठाचा उरलेला, दोन बोटे लांबीचा तुकडा घेऊन त्यात बारीक देठ खोचावा आणि तो तुकडा काट्यांवर रोवावा. दुसरा उपाय मला अधिक आवडला, कारण त्यात एकच फूल एकटे, आपल्या नैसर्गिक वळणासह उभे राहते. लांब फांदी एका बाजूला झुकवल्यावर पिनहोल्डर उलटू लागला, तेव्हा दुसरा पिनहोल्डर पालथा करून पहिल्याच्या मागच्या कडेवर, काटे काट्यांत अडकतील असा ठेवला आणि तोल लगेच सावरला. म्हणून पेटीत किमान दोन पिनहोल्डर एकत्रच द्यावेत, असे मी सुचवणार आहे.

भांड्यात पिनहोल्डर मधोमध न ठेवता एका बाजूला ठेवला, तर उरलेले मोकळे पाणी दिसते आणि रचनेला श्वास मिळतो. आज पितळी परातीत एक पेरूची वाकडी फांदी व शेवंतीची तीन फुले एवढेच ठेवले होते. वाचनालयात आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने थांबून पाहिले.

१ डिसेंबर, रविवार

कोंबडीच्या खुराड्याला लावतात ती षट्कोनी जाळी. हे साधन सर्वांत स्वस्त आहे आणि माझ्या मते सर्वांत कमी ओळखले गेलेले आहे. इंग्लंडमध्ये कॉन्स्टन्स स्प्राय (१८८६–१९६०) यांनी मोठ्या भांड्यांत चुरगळलेली जाळी कोंबून त्यावर सैलसर, बागेतून नुकत्याच आणल्यासारख्या दिसणाऱ्या रचना करण्याची पद्धत लोकप्रिय केली. १९५३ साली राणी एलिझाबेथ यांच्या राज्याभिषेकाच्या पुष्परचनेची जबाबदारी त्यांच्याकडे होती. त्याच बाई कोबीवर्गातील भाजीची पाने, रानगवत आणि जेवणाच्या टेबलावरचे रश्शाचे भांडेही फुलांसाठी बेधडक वापरत. श्रीमंती फुलांखेरीज रचना होत नाही, हा समज मोडणारे हे उदाहरण आपल्याकडच्या घरांना फार जवळचे आहे.

हार्डवेअरच्या दुकानात जाळी मागताना सुमारे ५ सेंटिमीटर रुंदीच्या खणांची मागावी. त्याहून बारीक खणांची जाळी चुरगळली की खण बंद होतात आणि देठ आत जात नाहीत. भांड्याच्या तोंडाच्या दुप्पट-तिप्पट तुकडा कापून, हातमोजे घालून, त्याचा असा सैल गोळा करावा की देठ आत जाताना तीनचार थरांतून जाईल. वरचा थर भांड्याच्या काठापेक्षा किंचित उंच ठेवावा, म्हणजे काही फुले आडवी, काठावरून खाली ओघळणारी लावता येतात. पिनहोल्डर ज्यात कमी पडतो ते हेच काम आहे. उंच, जड रचना करायची असेल, तर तळाशी पिनहोल्डर आणि वर जाळी अशी जोडी वापरावी.

पितळी घंगाळात आज झेंडू, ग्लॅडिओलस, कर्दळीची पाने आणि शेपूचे फुललेले तुरे एकत्र लावली. घंगाळाच्या दोन कड्यांना जाळी सुतळीने बांधल्यामुळे ती जागची हलली नाही. जस्ताचा मुलामा असलेल्या जाळीने चांदीच्या व मुलाम्याच्या भांड्यांवर चरे पडतात. तेथे आतून जुन्या कापडाचे अस्तर द्यावे. वापरानंतर जाळी धुऊन, झटकून, उन्हात वाळवून ठेवली तर काही वर्षे गंजत नाही.

८ डिसेंबर, रविवार

काचेचा ठोकळा आणि रोझ बोल यांची नोंद थोडक्यात करतो आहोत, कारण त्यांचा आवाकाच मर्यादित आहे. काचेच्या ठोकळ्याची भोके सरळ खाली जातात, त्यामुळे देठ उभेच राहतात, कलवता येत नाहीत. जरबेरासारख्या, एकेकटे आणि ताठ उभे राहणाऱ्या फुलांना तो शोभतो. शिवाय जरबेराचा देठ खोल पाण्यात कुजतो आणि त्याला चारपाच बोटे पाणीच पुरते, ते या ठोकळ्याने आपोआप साधते. पारदर्शक भांड्यात तो जवळजवळ दिसत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. भोके बाटली धुण्याच्या बारीक ब्रशने साफ करावीत. फुले नसतील त्या दिवसांत सभासदांनी त्याचा लेखण्या व रंगाचे कुंचले उभे ठेवण्यासाठी उपयोग करावा. त्यात शिसे नसल्याने ही मोकळीक देता येते.

रोझ बोलचे झाकण कसबा पेठेतील तांबट आळीत एका कारागिराकडून तांब्याच्या पत्र्याचे करून घेतले. मूळ झाकण तारेच्या जाळीचे असावे. आम्ही भोके पाडलेला किंचित फुगीर पत्रा निवडला, आणि त्यावरचे मठारकाम, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांची नक्षी, इतके सुरेख झाले आहे की फुलांविनाही बोल पाहावासा वाटतो. भोके पाडलेल्या झाकणाची ही कल्पना जुनी आहे: १८ व्या शतकात इंग्लंड व हॉलंडमध्ये विटेच्या आकाराची, वरच्या बाजूला भोके असलेली निळ्या-पांढऱ्या मातीची फुलदाणी वापरात होती. आखूड देठाचे गावठी गुलाब, ज्यांना फुलवाले हारासाठीच ठेवतात, ते या बोलमध्ये दोन बोटे देठावरही नीट बसतात.

१२ डिसेंबर, गुरुवार

आज मार्गशीर्षातला गुरुवार. घरोघरी मांडलेल्या घटांकडे प्रकल्पाच्या दृष्टीने पाहिले, तेव्हा एक गोष्ट स्पष्ट झाली. कलशाच्या तोंडात पाच प्रकारच्या डहाळ्या ठेवून वर नारळ बसवला की नारळाच्या वजनाने व गोलाईने प्रत्येक डहाळी कलशाच्या काठाशी दाबली जाते आणि बाहेरच्या बाजूला सारख्या अंतराने उमलल्यासारखी पसरते. देठ पाण्यात, पाने पाण्याबाहेर, आणि आधार काठावर: देठ धरण्याची सर्व तत्त्वे येथे आहेत. आपल्या घरांत पुष्परचना बाहेरून आली असे म्हणणाऱ्यांनी कलशाची मांडणी पुन्हा एकदा निरखावी. पेटीबरोबर दिल्या जाणाऱ्या माहितीपत्रकात या मांडणीचे चित्र पहिल्या पानावर घ्यायचे ठरवले आहे.

१५ डिसेंबर, रविवार

उंच, अरुंद फुलदाणीत कोणतेही विकत आणलेले साधन न वापरता फांदी कशी उभी करावी, हे मावशींनी आज दाखवले. जपानी रचनाकार यासाठी बेचक्याच्या आकाराची काटकी वापरतात. फुलदाणीच्या आतील रुंदीपेक्षा किंचित लांब अशी ओली, लवचिक काटकी कापून ती तोंडापासून दोनतीन सेंटिमीटर खाली आडवी अडकवायची. तिच्या ताणाने ती जागेवर राहते आणि तोंडाचे लहान भाग पडतात. मग फुले एकाच लहान भागात गोळा करायची आणि बाकीचे तोंड मोकळे ठेवायचे. पेरू, जास्वंद आणि कडुनिंब यांच्या काटक्या वापरून पाहिल्या. पेरूची काटकी चिवट असल्याने सर्वांत चांगली बसली.

दुसरी पद्धत अधिक मजबूत आहे. फांदीचे बूड उभे चिरायचे आणि त्या चिरेत एक छोटी काटकी आडवी अडकवायची. ही आडवी काटकी फुलदाणीच्या आतल्या भिंतींना टेकते आणि फांदी फिरत नाही. ‘फांदीला स्वतःचा तोल शोधू दे, तू फक्त अडव,’ असे मावशी म्हणाल्या, आणि खरोखरच फांदी सोडल्यावर ज्या बाजूला वळते त्या बाजूचा मान राखला की कमी अडकवण लागते. ही पद्धत चिनी मातीच्या बरणीत, तांब्यात किंवा जाड फुलदाणीत वापरावी. पातळ काचेत वापरू नये, कारण ओली काटकी पाण्यात फुगते आणि काच तडकण्याचा धोका असतो.

२२ डिसेंबर, रविवार

कापण्याची साधने. याबाबतीत घरांत सर्वाधिक निष्काळजीपणा आढळतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो आहोत. देठात पाणी वर नेणाऱ्या अतिशय बारीक नलिका असतात. बोथट कात्रीने त्या चेपतात. कापल्यावर देठ हवेत राहिला तर त्यांत हवेचा बुडबुडा अडकतो आणि पाणी चढत नाही. फुलाने मान टाकली की लोक फूल शिळे होते असे समजतात, वास्तविक ते पाण्यात उभे असूनही तहानलेले असते. यावर जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे देठाचे टोक बादलीतल्या पाण्यात बुडवून, पाण्याखालीच दोन बोटे देठ पुन्हा कापणे. धारदार चाकू किंवा छाटणीची कात्री वापरावी. कागद कापण्याची कात्री वापरू नये.

शेवंतीची गोष्ट निराळी. तिचा देठ पाण्याखाली हाताने मोडावा. मोडलेल्या टोकाचे तंतू उघडे राहतात आणि पाणी अधिक चांगले शोषले जाते. लाकडी देठ बत्त्याने ठेचण्याची रीत आपल्याकडे व परदेशांतही बराच काळ सांगितली गेली. ठेचलेल्या भागातून पाणी लवकर घाण होते आणि नलिकाही चिरडतात, म्हणून पत्रकात ती रीत दिली जाणार नाही, त्याऐवजी देठ उभा चिरण्यास सांगितले जाईल. पांढऱ्या चाफ्यासारख्या चीक येणाऱ्या फांद्यांचे टोक क्षणभर गरम पाण्यात धरले की चीक थांबतो.

पाण्याखाली येणारी सगळी पाने काढून टाकावीत, हे झेंडूच्या बाबतीत विशेष पाळावे, कारण त्याची पाने एका रात्रीत पाण्याला दुर्गंधी आणतात. ग्लॅडिओलसच्या तुऱ्याचे शेंड्याकडचे मिटलेले कळे खुडले तर खालची फुले क्रमाने वरपर्यंत उमलतात. जास्वंदीचे फूल एकच दिवस उमललेले राहते, पाण्यात ठेवा वा ठेवू नका, म्हणून त्याला कोणत्याही साधनाची गरज नाही. जेथे पाणी ठेवता येत नाही तेथे, उदाहरणार्थ देवघरातल्या अरुंद फळीवर, ते तसेच ठेवावे.

२९ डिसेंबर, रविवार

केळीचे सोपट, दाभण आणि परडी. हे सामान हार-गजऱ्यांचे आहे, रचनेचे नाही, अशी शंका एका सभासदांनी घेतली होती. आजच्या कामाने तिचे उत्तर मिळाले असे मला वाटते. केळीच्या बुंध्याचे वाळलेले सोपट उभे फाडून त्याचे दोरे करतात आणि वापरण्याआधी ते पाण्यात भिजवतात. कोकणात व गोव्यात अबोलीचे वळेसर आणि फाती (गजऱ्यांचे प्रकार) याच दोऱ्यांनी गुंफल्या जातात. ओले सोपट मऊ व रुंद असल्यामुळे नाजूक देठाला काचत नाही, पण वाळताना आवळले जाते. सुती दोरा देठाला कापतो, रबर चेपते. पिनहोल्डरवर बारीक देठांची जुडी बसवण्यासाठी जे बांधायचे होते, त्याला सोपटाइतके योग्य दुसरे काही मिळाले नाही, आणि ते पाण्यात राहिले तरी फुलांबरोबरच खतात जाते.

दाभणाचा उपयोगही रचनेत होतो: कर्दळीच्या वा केळीच्या पानाची गुंडाळी करून तिला दाभणाने दोन टाके घातले की भांड्याच्या आतून लावण्यासाठी हिरवे अस्तर तयार होते आणि काचेच्या भांड्यातली जाळी झाकली जाते. परडी फुले आणण्यासाठी असली, तरी तिच्या आत एक वाडगे व त्यात पिनहोल्डर ठेवून तिची रचना करता येते. विणलेल्या वस्तूत पाण्याचे भांडे लपवण्याची ही पद्धत जपानातही प्रचलित आहे. आकडी पेटीत मावत नसल्याने वाचनालयाच्या कोपऱ्यात उभी ठेवली आहे.

५ जानेवारी २०२५, रविवार

भांड्यांची निवड. पेटीत भांडी ठेवायची नाहीत, कारण प्रत्येक घरात ती आहेत; फक्त कोणत्या भांड्यात कोणते साधन वापरावे हे पत्रकात सांगायचे आहे. परात, तसराळे आणि उथळ थाळा यांत पिनहोल्डर. घंगाळ, कासंडी आणि लोणच्याची रुंद बरणी यांत जाळी. तांब्या, चंबू आणि उंच बरणी यांत काटकी. तांब्या-पितळेच्या भांड्यांत पाणी थोडे अधिक काळ चांगले राहते, कारण तांबे जिवाणूंची वाढ रोखते. कल्हई उडालेल्या भांड्यांना स्वयंपाकघरात आता काम नसते, तीच फुलांसाठी काढावीत.

फुलदाणी कोठे ठेवावी, याविषयी एकच सूचना: फळांच्या टोपलीशेजारी ठेवू नये. पिकणाऱ्या केळ्यांतून व आंब्यांतून इथिलीन वायू बाहेर पडतो आणि त्याने फुले लवकर कोमेजतात, कार्नेशन तर फारच लवकर. पंख्याच्या थेट झोतातही ठेवू नये.

१२ जानेवारी, रविवार

डासांविषयीची नोंद. पुण्यासारख्या शहरात फुलदाणीची चर्चा डेंग्यूचा विषय टाळून पूर्ण होऊ शकत नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातल्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून उडणारा डास होण्यास अनुकूल हवेत साधारण ८ ते १० दिवस लागतात. अंडी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी राहिली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून पाणी ओतून देणे पुरेसे नाही. भांडे आतून घासणे आवश्यक आहे. महानगरपालिकेचे कर्मचारी तपासणीला येतात तेव्हा फुलदाण्या व कुंड्यांखालच्या ताटल्या पाहतात, ते याचसाठी.

येथे जुन्या साधनांचा गुण पुन्हा दिसतो. पिनहोल्डर, जाळी किंवा काटकी फुलांसकट उचलून बाजूला ठेवता येते, भांडे घासता येते, आणि रचना तशीच परत ठेवता येते. लांब तोटीची झारी घेऊन फुलांमधून वरून पाणी घालण्याची सोय छान असली, तरी ती पाणी वाढवण्यासाठी आहे, बदलण्यासाठी नाही, हे पत्रकात स्पष्ट लिहिले आहे. पाणी रोज बदलावे. ज्यांना शक्य नसेल त्यांनी दोन दिवसांनी तरी बदलावे, आणि आठवड्यातून एकदा भांडे व साधन दोन्ही घासावीत. सभासदांना पेटी एकाच आठवड्यासाठी देण्याचा नियम यासाठीही योग्य ठरतो, कारण परत येताना प्रत्येक वस्तू धुऊन येईल.

१९ जानेवारी, रविवार

पेटी आज वाचनालयाच्या ताब्यात दिली. लाकडी पेटीला आतून जाड फेल्टचे कप्पे केले असून पिनहोल्डर काटे वर करून, प्रत्येकावर नारळाच्या काथ्याची चकती ठेवून बसवले आहेत. त्यामुळे कप्प्यात हात घालणाऱ्याला काटे लागत नाहीत आणि काटेही वाकत नाहीत. झाकणाच्या आतल्या बाजूला शिशाविषयीची सूचना, लहान मुलांपासून पेटी दूर ठेवण्याची सूचना आणि परत करताना तपासायच्या वस्तूंची यादी चिकटवली आहे. सोपट संपले की सभासदांनीच नवे आणून ठेवावे, आणि जाळीला गंज दिसल्यास ती परत पेटीत न घालता वाचनालयात कळवावे.

जानेवारीच्या अखेरीस एम्प्रेस गार्डनमध्ये दरवर्षी भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनात पुष्परचनेच्या स्पर्धाही असतात. त्यात भाग घेऊ इच्छिणाऱ्या सभासदांसाठी पेटीची पहिली पाळी राखून ठेवली आहे. पुढच्या आठवड्यापासून नोंदवहीतील क्रमानुसार ती इतरांना मिळेल. मावशींनी रविवारी सकाळी एक तास वाचनालयात बसून नव्या सभासदांना पिनहोल्डरवर फांदी कलवणे आणि पाण्याखाली देठ कापणे शिकवण्याचे मान्य केले आहे. ज्यांना शिकायचे असेल त्यांनी घरून एक फांदी, तीन फुले आणि एक बादली आणावी.